कारखाने कायद्याची भाषा : एक चिकित्सा

'कायदा उत्तम आहे, अंमलबजावणी तेवढी होत नाही' हे वाक्य औद्योगिक अपघातांविषयीच्या आपल्या चर्चेत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. स्फोट झाला, छत कोसळले, कोणाचा हात यंत्रात गेला, की चौकशी समिती, वृत्तपत्रे आणि व्यासपीठावरील वक्ते हे तिघेही याच वाक्यापाशी येऊन थांबतात. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. कायद्याचा शब्द निर्दोष असून दोष काय तो वापरणाऱ्यांच्या हातांत आहे, हे ते गृहीत होय. शब्दांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तरी ते सहजासहजी स्वीकारू नये. प्रस्तुत लेखात 1948 चा कारखाने अधिनियम, त्याच्या मागचेपुढचे काही कायदे आणि मराठीतील एक कथा यांचे वाचन भाषेच्या अंगाने करावयाचे आहे. वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणत्या प्रयोगात आहे, मर्यादा घालणारे क्रियाविशेषण कोठे बसले आहे, हे प्रश्न आपण काव्याला विचारीत आलो आहोत. ते कायद्याला विचारण्यास हरकत नसावी. कायद्यातील एखाद्या क्रियाविशेषणावर माणसाचे बोट राहणे वा जाणे अवलंबून असते. काव्याविषयी असे सहसा म्हणता येत नाही.

प्रारंभ कलम 21 पासून करू. 1948 च्या कायद्यातील सुरक्षिततेच्या प्रकरणाचे हे पहिले कलम. त्याचा आशय असा की, प्रत्येक कारखान्यात मूळ चालक यंत्राचे फिरते भाग, त्यास जोडलेले चक्र, शक्ती वाहून नेणारे पट्टे व दांडे आणि इतर यंत्रांचे सर्व धोकादायक भाग भक्कम संरक्षक साधनांनी सुरक्षितपणे कुंपणबद्ध केले जातील. आणि यंत्र चालू असताना ती साधने जागच्या जागी ठेवली जातील. हे वाक्य कर्मणी प्रयोगात आहे. कुंपण कोण घालील, हे ते सांगत नाही. त्याचे सारे लक्ष यंत्राकडे लागलेले आहे. कर्ता नसलेले वाक्य दुबळे असते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु येथे उलट घडते. कर्ता नसल्यामुळे कर्त्याची सबब शिरण्यास जागाच उरत नाही. यंत्राचा भाग धोकादायक आहे काय? आहे. कुंपण होते काय? नव्हते. मग कलमाचा भंग झाला. मालकाला परवडत नव्हते, मुकादम रजेवर होता, कामगार उतावीळ होता, यांपैकी काहीही त्या वाक्याच्या रचनेत मावत नाही.

या रचनेचे सामर्थ्य एका इंग्रजी निकालात पूर्णपणे प्रकट झाले. आपले कलम 21 ब्रिटिश कारखाने कायद्याच्याच घराण्यातले आहे, म्हणून तो निकाल येथे प्रस्तुत ठरतो. 1955 साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'जॉन समर्स अँड सन्स विरुद्ध फ्रॉस्ट' हा दावा आला. धार लावण्याच्या फिरत्या दगडावर एका कामगाराच्या अंगठ्याला इजा झाली होती. दगडावर आवरण होते, पण काम करता यावे म्हणून त्याचा थोडा भाग उघडा ठेवलेला होता. तो भागही झाकला तर यंत्र वापरताच येणार नाही, असा मालकपक्षाचा युक्तिवाद होता. न्यायमूर्तींनी तो मानला नाही. कायद्याने कुंपण सांगितले आहे. त्यापायी यंत्र निरुपयोगी होत असेल तर होवो, असा त्यांच्या निर्णयाचा निष्कर्ष. उद्योगाच्या दृष्टीने हा निकाल अव्यवहार्य वाटेल. तो तसा आहेही. पण कर्मणी प्रयोगातील एक साधे वाक्य यंत्रापेक्षा अंगठ्याला वरचढ ठरवू शकते, हे त्याने दाखवून दिले.

आता कलम 7-अ पाहावे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मेथिल आयसोसायनेट वायू सुटला. ज्या साधनांनी तो थोपवावयाचा, त्यांपैकी शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. वर्षभराने, 4 डिसेंबर 1985 रोजी, दिल्लीत श्रीराम उद्योगसमूहाच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. तिच्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले. या पार्श्वभूमीवर 1987 साली कारखाने कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगणारे 7-अ हे कलम प्रथमच दाखल झाले. त्याचा आशय असा: प्रत्येक भोगवटादार, वाजवीरीत्या व्यवहार्य असेल तेथवर, कारखान्यात काम करीत असलेल्या सर्व कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांची खात्री करील.

येथे कर्ता आला. वाक्य कर्तरी झाले. भोपाळनंतर हे होणे अगत्याचे होते, याविषयी दुमत नाही. पण कर्त्याच्या पाठोपाठ एक अट आली आणि ती कर्ता व क्रियापद यांच्या बरोबर मध्ये बसली. कलम 21 मध्ये कर्ता नव्हता, तसे 'तेथवर'ही नव्हते. 7-अ मध्ये दोन्ही एकदम आले. जबाबदार माणसाचे नाव वाक्यात घालावयाचे, तर त्याची सोयही त्याच वाक्यात घातली पाहिजे, असा जणू सौदाच झाला. कायदा कसा आकुंचन पावतो हे पाहावयाचे तर ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कागदावर 7-अ अधिक व्यापक आहे. पकड मात्र 21 ची घट्ट आहे.

हा वाक्यांश आपण ब्रिटनच्या 1974 च्या कायद्यावरून घेतला. तेथे त्याचा अर्थ 1949 च्या एका निकालाने ठरवून दिला होता. वेल्समधील कोळशाच्या खाणीत भुयारी वाटेची बाजू ढासळून एक खाणकामगार मरण पावला. त्या दाव्यात न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी तराजूची कल्पना मांडली. एका पारड्यात धोका घालावा. दुसऱ्यात तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि त्रास घालावा. धोक्याच्या मानाने हा त्याग फारच विषम ठरत असेल, तर मालक सुटतो. न्यायाला धरून सांगितले पाहिजे की त्या दाव्यात खाणमंडळ सुटले नाही. आधार देणे व्यवहार्य नव्हते, हे त्याला सिद्ध करता आले नाही. आपल्याकडील कलम 104-अ नेही हा पुराव्याचा भार आरोपीवरच ठेवला होता. तेव्हा वाक्यांश मुळातच दुष्ट आहे, असे माझे म्हणणे नाही. पण तो मराठीत आला तेव्हा काय झाले, ते मात्र लक्षणीय आहे. 'व्यवहार्य' म्हणजे करता येण्याजोगे. परंतु मराठी कानाला 'व्यवहार' या शब्दात देवघेव आधी ऐकू येते. 'तो व्यवहाराला पक्का आहे' म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. इंग्रजी शब्दांनी जो तराजू सभ्यपणे पडद्याआड ठेवला होता, तो मराठी पर्यायाने नकळत बाहेर आणून ठेवला. भाषांतरकाराचा हा दोष मानावा की गुण, हे मी वाचकांवर सोपवितो.

दुसरा शब्द 'भोगवटादार'. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो कायद्याच्या भाषेत भोगवटादार. हा शब्द महसुलाच्या दप्तरातून आला. सातबाऱ्यावर तो असतो. इमारतीला भोगवट्याचे प्रमाणपत्र लागते. जमीन कसून तिचे फळ घेणारा, असा त्याचा रोख आहे. यंत्र, वाफ आणि विषारी वायू यांचा धनी या शब्दात कोठेच दिसत नाही. 'भोग' हा शब्द मराठीत दुहेरी आहे. भोग घ्यावयाचाही असतो आणि भोगावयाचाही. नफ्याचा भोग एकाकडे आणि अपघाताचा भोग दुसऱ्याकडे, ही वाटणी कारखान्यात रोज होते. कायद्याच्या पारिभाषिक शब्दाने त्यांतला फक्त पहिला अर्थ उचलला. कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच कोणीतरी भोगवटादार मानला जाईल, अशी तरतूद 1987 मध्ये झाली आणि 1996 साली जे. के. इंडस्ट्रीजच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यापूर्वी एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करून मालकांना मागे राहता येत असे.

तिसरा शब्द 'अपघात'. इंग्रजीतील पर्याय लॅटिनमधील 'येऊन पडणे' या अर्थाच्या धातूवरून आला; त्यात कर्ता नाही, केवळ घटना आहे. मराठी शब्दात मात्र 'घात' आहे. विश्वासघात, घातपात, आत्मघात यांपैकी कोणताही घात कर्त्यावाचून होत नाही. आपल्या शब्दाला जे ठाऊक आहे, ते आपण वापरातून घालवून बसलो. अपघात 'होतो', असे आपण म्हणतो. कोणी 'केला' हे विचारीत नाही. आणि विचारलेच, तर उत्तर कलम 111 च्या दिशेने जाते. कामगाराने सुरक्षेच्या साधनात जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये, ते वापरण्याची जाणूनबुजून हयगय करू नये, असे ते कलम सांगत असे. 'जाणूनबुजून' हा शब्द खरे तर कामगाराच्या संरक्षणासाठी घातलेला. चुकून घडलेल्या गोष्टीसाठी त्याला शिक्षा होऊ नये म्हणून. व्यवहारात मात्र चौकशीचा सारा रोख तो जाणूनबुजूनपणा शोधण्याकडेच वळतो.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगाकडे दिले. त्यातील मागण्या पाच होत्या: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा, पगाराची निश्चित तारीख, आणि पाचवी अशी की काम करताना जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी. 1881 च्या पहिल्या कारखाने कायद्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तो शंभराहून कमी कामगारांच्या कारखान्यांना लागू नव्हता, सात वर्षांच्या पोराला कामावर घेण्याची त्याची हरकत नव्हती, पण यंत्राभोवती कुंपण असावे हे त्यात होते. कायद्याने यंत्राकडे पाहिले. लोखंड्यांनी कुंपण असूनही वा नसूनही ज्याचा हात गेला, त्याच्याकडे पाहिले. साप्ताहिक सुट्टीची मागणी 1891 च्या कायद्याने मान्य झाली. पाचव्या मागणीला 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापर्यंत, म्हणजे 39 वर्षे, थांबावे लागले. जो भाग अभ्यासक्रमात साप्ताहिक सुट्टीच्या एका ओळीत उरकला जातो, तो याहून पुष्कळ मोठा आहे.

1923 च्या कायद्याला पुढे जोडल्या गेलेल्या विस्तृत तक्त्याचे वाचन मी पदव्युत्तर वर्गात मुद्दाम करून घेतो. अंगठा गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी 30 टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर 40. वर्गात प्रथम हसू येते, मग शांतता पसरते. या तक्त्यात विशेषण नाही, क्रियापद नाही, करुणाही नाही. आणि तरीही तो क्रूर म्हणता येत नाही, कारण त्यावाचून करंगळीची किंमत शून्य होती. लेखणी धरणाऱ्याची तर्जनी आणि साच्यावर सूत जोडणाऱ्याची तर्जनी त्या तक्त्यात सारखीच, एवढा मात्र त्याचा दोष आहे.

या तक्त्याशेजारी अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ठेवून पाहावी. आपल्या समीक्षेने ती दारिद्र्याची आणि भीषणाची कथा म्हणून वाचली आहे. ती कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची कथा म्हणून कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत राबतो आणि खाण बंद पडल्यावर ताजी प्रेते उकरून, राख चाळून सोने काढण्याचा धंदा पत्करतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमाचे हे काम कोणत्याही कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याला भोगवटादार नाही, यंत्र नाही, कुंपण नाही, तक्ता नाही. पण खाण बंद झाली नसती तर तो स्मशानात गेला नसता, ही गोष्ट कथा एका शब्दानेही न बोलता दाखवते. कारणांची साखळी कोठवर मागे न्यावयाची, हा अपघाताच्या कायद्यातील कळीचा प्रश्न आहे. नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्भवलेली इजा, एवढीच साखळी 1923 चा कायदा मोजत असे. अण्णाभाऊ ती एक कडी पुढे नेतात. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (1933) पासून पुढे आपल्या कामगारविषयक लेखनात संप, टाळेबंदी आणि चाळ यांना जे स्थान मिळाले, ते इजेला मिळाले नाही, असे माझे मत झाले आहे. कदाचित संपात सामुदायिक नाट्य असते आणि इजा एकट्याची असते, म्हणून असेल.

एक गोष्ट येथे ओघात नोंदवितो. गिरणीच्या साळखात्यात धोट्यातील कांडी बदलताना नव्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. धूळ आणि दुसऱ्याची लाळ रोज तोंडात जाण्याचा हा प्रकार आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे यावयास हवा होता. मुंबईत तो पुढे आला तो विटाळाचा प्रश्न म्हणून: याच कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक पगाराच्या साळखात्यात घेण्यास सवर्ण कामगारांचा विरोध होता, आणि 1928 च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. धोका दिसतो की विटाळ दिसतो, हेही पाहणाऱ्याच्या शब्दसंग्रहावर अवलंबून असते.

कलम 108 प्रमाणे कारखान्याच्या मुख्य दाराशी कायद्याचा सारांश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आवश्यक होते. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन एका औद्योगिक वसाहतीतील पत्रा कापण्या-दाबण्याच्या छोट्या कारखान्यात गेलो होतो. दाराशी मराठी सारांशाचा तक्ता होता; काच लावलेली होती, अक्षरे उन्हाने पिवळी पडली होती. आत दाबयंत्रांवर जे तरुण बसले होते, त्यांची भाषा भोजपुरी आणि ओडिया. यंत्राला दोन कळी होत्या. दोन्ही हात गुंतल्याशिवाय दाब खाली येऊ नये, म्हणून. त्यांपैकी एका कळीत लाकडाची चिपटी ठोकून ती कायमची दाबून ठेवलेली होती. मी विचारले तेव्हा देखरेख करणारा गृहस्थ अगदी सरळपणे म्हणाला, "सर, दोन्ही हातांनी दाबलं की नग निम्मे पडतात. मजुरी नगावर आहे." ती चिपटी कोणी ठोकली? कलम 111 च्या दृष्टीने कामगाराने, जाणूनबुजून. कलम 21 च्या दृष्टीने हा प्रश्नच अप्रस्तुत. साधन जागेवर नव्हते, एवढे पुरे. कुंपणच शेत खाते, ही आपली म्हण येथे पुरती लागू पडत नाही; येथे शेताच्या धन्याने दर असा ठरविला होता की कुंपण गड्यानेच काढावे. हरियाणातील मोटारींच्या सुट्या भागांच्या उद्योगातील जखमींविषयी 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून अहवाल काढीत आली आहे. त्यांतही दाबयंत्रावर बोटे गमावलेल्यांची संख्या ठळकपणे दिसते. नगावरील मजुरी हा सुरक्षिततेचा विषय आहे, हे कायद्याच्या सुरक्षा-प्रकरणात कोठेही लिहिलेले नव्हते.

21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, 2020 अमलात आली आणि 1948 चा कायदा इतिहासजमा झाला. दंडाच्या रकमा वाढल्या आहेत. मृत्यू ओढवल्यास किमान पाच लाख रुपये दंड, आणि त्यातील निदान अर्धी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, हे स्वागतार्ह आहे. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी 10 कामगारांची मर्यादा होती, ती 20 झाली. निरीक्षकाला 'सुविधाकार' अशी दुसरी उपाधी जोडली गेली. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत, मी त्यात भर घालीत नाही. भाषेच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. कलम 21 चे ते वाक्य, फिरते चक्र, पट्टे, दांडे आणि कुंपण यांसह, संहितेच्या मुख्य भागात नाही. तसा तपशील आता अधिसूचनेने जाहीर करावयाच्या मानकांकडे सोपविलेला आहे. संहितेत उरली ती कर्तव्यांची सर्वसाधारण वाक्ये. त्यांपैकी एक, कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवावी हे, बरेच ठाम आहे. पण सुरक्षित वातावरण राखण्याच्या वाक्यात 'वाजवीरीत्या व्यवहार्य' पुन्हा हजर आहे. संसदेने मंजूर केलेले वाक्य बदलावयाचे तर संसदेत जावे लागते. अधिसूचना बदलण्यास राजपत्र पुरते.

यावर असा आक्षेप येईल की वाक्ये कशीही असोत, निरीक्षकच अपुरे असतील तर काय उपयोग? डोंबिवलीच्या औद्योगिक भागात 26 मे 2016 रोजी आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, ते काय क्रियाविशेषणांमुळे? आक्षेप बिनतोड आहे, पण तो माझ्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जात नाही. निरीक्षक आला तरी त्याला जे शोधावयाचे ते वाक्यच ठरविते. जुन्या कायद्यात इजेमुळे कामगार 48 तास वा अधिक कामावर येऊ शकला नाही तरच वर्दी देणे बंधनकारक होते. तेव्हा हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला तिसऱ्या दिवसाच्या आत बोलावून टेबलापाशी बसविले, की इजा राहते आणि अपघात नाहीसा होतो. यात कायद्याचा भंग कोठेही नाही. अनुपालन शंभर टक्के आहे.

त्या दाबयंत्राच्या कारखान्यात अपघातांची नोंदवहीही आम्हाला दाखविण्यात आली. ती नीटनेटकी होती, रकाने आखलेले होते. तीन वर्षांत सहा नोंदी. 'कारण' या रकान्यात सहाही ठिकाणी एकाच हस्ताक्षरात 'कामगाराचे दुर्लक्ष' असे लिहिले होते, आणि 'केलेली उपाययोजना' या रकान्यात 'समज दिली'. एका विद्यार्थिनीने विचारले की ही नोंद कोणत्या भाषेत त्या कामगाराला वाचून दाखविली होती. देखरेख करणाऱ्या गृहस्थाला प्रश्न कळला नाही; तिने तो पुन्हा विचारला, हिंदीत.